तीनदा पुसलेलं नाव

मी पाटी आहे. तुम्ही लहानपणी थुंकी लावून तळहाताने पुसलीत ना, त्याच जातीची. फक्त माझा जन्म फार जुना आणि फार लांबचा. आँजे गावाच्या वेशीबाहेर निळसर काळ्या दगडाची खाण आहे. तिच्या तळाशी, अंधारात, थंड पाण्याच्या ओलीत मी किती काळ पडून होते ते माझं मलाच ठाऊक नाही.

मला उजेड दाखवला तो तूसाँने. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पायात लाकडी बूट, गुडघ्यापर्यंत चिंध्या गुंडाळलेल्या, आणि पाठीशी वारा अडवायला उभा केलेला गवताचा आडोसा. आमचा दगड ओला असतो तोवरच त्याचे पापुद्रे सुटतात. वाळला की आडमुठेपणा करतो. तूसाँ छिन्नीवर हलकेच हातोडी मारायचा आणि दगडाला म्हणायचा, "चल, ये बाहेर." मी बाहेर आले. इतकी गुळगुळीत, की त्याने मला छपराच्या कौलांच्या ढिगात टाकलंच नाही.

शेजारचा कारागीर म्हणाला, "काय रे, ही काय घरी नेऊन पुजणार आहेस?"

"नाही. ही पेरीनला देणार."

"कोण, कारकुनाची पोरगी? ती काय करणार दगडाचं?"

"लिहील," तूसाँ म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

त्याने मला ओकच्या लाकडाची चौकट बसवली आणि रविवारी चर्चच्या पायरीवर पेरीनच्या हातात दिली. घरी आल्यावर तिने मला गालाला लावलं. गाल गरम होता, ते मला अजून आठवतं.

पेरीन बेझार चौदा वर्षांची होती. आई त्याच वर्षी तापाने गेली होती. वडील खाणीवर कारकून, दिवसभर बाहेर. घरात ती आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ फ्लोराँ. पोरगं अंगाने काटकुळं आणि डोक्याने भयंकर. दिवसभर त्याचं 'का' आणि 'कसं' चालू.

एकदा पेरीन चुलीपाशी काळ्या गव्हाची घावनं घालत होती. फ्लोराँ मला मांडीवर घेऊन त्रिकोण काढत बसला होता.

"ताई, त्रिकोणाचे तिन्ही कोपरे तोडून शेजारी शेजारी ठेवले तर काय होतं?"

"ठेवून बघ की."

"पाटीवरचे कसे तोडू?"

पेरीनने तव्यावरचं घावन उचललं, सुरीने कडा कापून त्याचा त्रिकोण केला, तिन्ही कोपरे तोडले आणि सुरीच्या पात्याला लावून ओळीने मांडले. सरळ रेघ झाली.

फ्लोराँचा आ वासलेला. "हा लठ्ठ होता म्हणून. बारीक त्रिकोण कर!"

तिने बारीक केला. पुन्हा सरळ रेघ. मग वाकडा, मग लांबुडका, मग एका बाजूला कललेला. संध्याकाळी वडील थकून आले आणि विचारलं, "जेवायला काय आहे?"

"कोपरे," फ्लोराँ म्हणाला.

आई गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कोणी हसलं ते त्या दिवशी.

पुढे फ्लोराँ पाद्रींच्या शाळेत जाऊ लागला. तो तिथे शिकून यायचा आणि पेरीन त्याच्याकडून शिकायची. दोनेक वर्षांत उलटं झालं. तो शिकून यायचा आणि त्यातली चूक पेरीन दाखवायची. माझ्या एका अंगाला त्याचं अक्षर, दुसऱ्या अंगाला तिचं. त्याचं घाईचं, वर चढत जाणारं. तिचं बारीक आणि नीट, भाजी निवडल्यासारखं.

सोळाव्या वर्षी फ्लोराँने एका वक्र रेघेची लांबी मोजायची रीत शोधली. सरळ रेघ कोणीही मोजेल. वाकडीला दोरी लावून मोजणं वेगळं आणि विचाराने मोजणं वेगळं. अकरा दिवस तो माझ्यावर लिहीत आणि पुसत होता. बाराव्या दिवशी नाचतच स्वयंपाकघरात आला. पेरीनने पाटी घेतली, ओल्या हाताने धरली, वाचली.

"नववी पायरी बघ."

"काय आहे नवव्या पायरीत?"

"जे सिद्ध करायचंय तेच तू तिथे गृहीत धरलंयस."

तो मटकन बाकावर बसला. त्या आठवड्यात त्याला अन्न गोड लागलं नाही. मग तिनेच एक दिवस भांडी घासता घासता नववी पायरी कशी ओलांडायची ते सांगितलं. पॅरिसच्या विद्वानांना ते कागद गेले. उत्तरं आली ती स्तुतीने ओथंबलेली.

"ताई, छापायला देताना तुझं नाव खाली घालतो."

"माझं कशाला? लोक म्हणतील, घावनं करणारीने गणित केलं."

"केलंसच की!"

"घाल. मी पुसून टाकीन," असं हसत म्हणून तिने माझ्यावर त्याने लिहिलेलं स्वतःचं नाव खरंच झग्याच्या टोकाने पुसून टाकलं.

तूसाँ दर रविवारी यायचा. आता तो खाणीवरचा मुकादम झाला होता, खांदे रुंद झाले होते, पण पेरीनसमोर अजून त्याचे कान लाल व्हायचे.

"अजून किती दिवस, पेरीन?"

"फ्लोराँ जरा मार्गी लागू दे."

"तो मार्गी लागेपर्यंत माझे दात पडतील."

"मग तुला मऊ घावनं करून घालीन."

तो बारा वर्षं थांबला. बारा. शेवटी वडीलही गेले, फ्लोराँ वीस वर्षांचा झाला, आणि ईस्टरनंतरचा दिवस ठरला. पेरीनने लग्नाचा झगा शिवायला घेतला. तो निळा होता, माझ्या रंगाचा.

त्याच थंडीत खाणीचा मालक फ्लोराँकडे आला. खाणीच्या उत्तरेची कड जितकी उतरती ठेवावी तितका बिनकामाचा दगड उपसावा लागायचा. कड किती उभी ठेवली तर चालेल, एवढंच त्याला हवं होतं. फ्लोराँने आनंदाने काम घेतलं. दगडाचं वजन, उंची, थरांचा कल, सगळं माझ्यावर मांडलं. तीन दिवसांत उत्तर काढलं.

तूसाँ दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "थंडीचं काय धरलंस?"

"थंडीचं काय?"

"दगड पाणी पितो, फ्लोराँ. बर्फ झाला की फुगतो. वितळला की... वेगळाच वागतो."

"तूसाँ, दगड दगडच असतो. तो काय माणूस आहे, वेगळा वागायला?"

तूसाँ हसला. त्याला वाद घालता येत नसे. पेरीनने दोन्ही अंगांचं गणित पुन्हा तपासलं. कुठेही चूक नव्हती. मी सांगते ना, माझ्याच अंगावर ते होतं. एकही आकडा चुकलेला नव्हता.

फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ वितळला. एका स्वच्छ, उन्हाच्या सकाळी उत्तरेची कड खाली आली. अकरा माणसं तिच्याखाली गेली. तूसाँ वरच होता, त्याला वाचता आलं असतं. दगड कडाडल्याचा पहिला आवाज ऐकून तो माणसांना हाक मारत खाली धावला.

पेरीनने त्याला स्वतःच्या हाताने धुतलं. केसांतली निळी भुकटी निघता निघेना. ती घरी आली तेव्हा फ्लोराँ मला समोर ठेवून बसला होता. गणित तसंच होतं, पुसलेलं नव्हतं. तो पुन्हा पुन्हा तपासत होता.

"कुठे चुकलं, ताई? सांग ना. नववी पायरी सांगितलीस तशी सांग."

"नाही चुकलेलं."

"चुकलंच असणार!"

"फ्लोराँ, मी तपासलं होतं. पाप असेल तर अर्धं माझं आहे." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तू माझा आहेस. मी तुझ्यावर रागावलेली नाही."

त्याने तिचा हात बाजूला सारला. रागाने नाही, विस्तव लागावा तसा. तिने चार शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर तो कदाचित वाचला असता. तिची माया त्याला सोसली नाही. हे मला फार उशिरा समजलं, आणि तिला तर कधी समजलंच नाही असं मला वाटतं.

त्या दिवसापासून फ्लोराँने आकड्याला हात लावला नाही. दोन वर्षं तो घरात भुतासारखा वावरला. मग नदीपलीकडे, काही धार्मिक माणसं एकांतात राहत असत, तिथल्या एका दगडी घरात राहायला गेला. जाताना पुस्तकं दिली, कपडे दिले, वडिलांची घोड्यावरची झूलसुद्धा देऊन टाकली. फक्त मला काखेत घेतलं.

"ही कशाला?" पेरीनने विचारलं.

तिकडे नेऊन त्याने मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

तिथे त्याने लिहायला घेतलं. गणित नाही, देवाबद्दल, माणसाच्या मनाबद्दल. कागदाच्या चिटोऱ्यांवर, उभ्या उभ्या, घाईचं वर चढत जाणारं तेच अक्षर. त्याचं म्हणणं असं होतं की बुद्धी सगळं मोजते, पण जे ढासळणार आहे ते तिला दिसत नाही. प्रत्येक माणूस ही खाणीची एक कड आहे. तिला पाठ टेकू नका, आणि दुसऱ्याला तुमच्यावर टेकू देऊ नका. टेकायचं तर फक्त देवावर. लोक ते ऐकायला लांबून यायचे. विधवा यायच्या, सरदार यायचे, रडून हलके होऊन जायचे. त्याच्या शब्दांत खरंच काहीतरी होतं. पोळलेल्या माणसाचे शब्द होते ते.

पण पेरीनला त्याने सांगितलं, "तू येत जाऊ नकोस, ताई."

"का?"

"तू आलीस की माझं मन तुझ्यावर टेकतं."

"मग टेकू दे ना रे!"

"नाही," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

पेरीनचं घर तिथून चालत एका तासावर होतं. ती दर शनिवारी यायची, पेअरच्या मुरंब्याच्या वड्या फडक्यात बांधून दारात ठेवायची आणि परत जायची. फ्लोराँ त्या वड्या भिकाऱ्यांना वाटायला लावायचा. त्याच्याकडे घरकाम करणारी मातुरीन म्हणून एक तोंडाळ, मायाळू बाई होती. तिने एकदा पेरीनला गाठून सांगितलंच.

"बाई, कशाला जीव टाकता? तुमच्या वड्या ते तोंडाला लावत नाहीत."

"मग कोण खातं?"

"दारातले भिकारी."

"खाऊ देत," पेरीन म्हणाली. "कोणाच्या तरी तोंडात गोड पडतं ना." आणि पुढच्या शनिवारी दुप्पट वड्या आणल्या.

मातुरीनला भिंतीकडे तोंड करून उभी असलेली पाटी बघवेना. तिने मला उचललं आणि लोण्याच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं मी ते काम केलं. वाईट नव्हतं. एक दिवस फ्लोराँ स्वयंपाकघरात आला, मला तिथे बघून थबकला. बोटाने माझ्यावरचं लोणी पुसलं. मग निघून गेला.

फ्लोराँला एक शिष्य होता, फादर सेव्हराँ. कोवळा, सरळ, गुरूवर जीव ओवाळणारा. एकदा फ्लोराँने त्याच्या हातात एक कागद दिला. मी मडक्यावरून सगळं ऐकत होते.

"सेव्हराँ, मरताना माणूस दुबळा होतो. मी कदाचित माझ्या बहिणीला बोलवा म्हणेन. बोलवू नका."

"मागितलं तरी?"

"मागितलं तरी. विशेषतः मागितलं तर. ते मागणारा मी नसेन, माझी भीती असेल. शपथ घ्या."

सेव्हराँने डोळे पुसत शपथ घेतली.

चाळिसाव्या वर्षी फ्लोराँच्या घशात गाठ आली. आधी आवाज घोगरा झाला, मग कुजबुज उरली, मग तीही गेली. ज्या आवाजासाठी लोक कोसांवरून यायचे तो गेला. मातुरीनने मला गरम पाण्याने घासून काढलं, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या. आता हिच्याशी बोला. फक्त मला वाचता येत नाही, तेव्हा चित्रं काढा."

इतक्या वर्षांनी त्याचा हात माझ्यावर टेकला. तळहात वाळून चामड्यासारखा झाला होता. त्याने एक घडा काढला. मातुरीन पाणी घेऊन आली. खिडकी काढली, तिने ती उघडली. एकदा त्याने मातुरीनचंच चित्र काढलं, मोठं नाक, कमरेवर हात. ती इतकी हसली की तिला खोकला आला. फादर सेव्हराँ आले की तो अक्षरं लिहायचा आणि ते वाचायचे. असे दोन महिने गेले.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी फ्लोराँने खुणेने पेन्सिल मागितली. ऊन अंथरुणावर आलं होतं. त्याने अक्षरं लिहिली.

"मालक, मला नाही हो वाचता येत," मातुरीन म्हणाली. "चित्र काढा."

त्याने अक्षरं पुसली. मग एक बाई काढली. डोक्यावरून फडकं घेतलेली, हात पुढे केलेली. मातुरीनने निरखून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. ती धावत गेली आणि कोनाड्यातली मरियमची मूर्ती आणून त्याच्या उशाशी ठेवली.

"ही घ्या, आईसाहेब आल्या तुमच्या."

फ्लोराँने डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं. मातुरीनला वाटलं, भक्तीचं आहे.

तेवढ्यात फादर सेव्हराँ आले. फ्लोराँने चित्र पुसलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, पेरीन. पाटी त्यांच्याकडे वळवली.

सेव्हराँ पांढरेफटक पडले. खिशातून रुमाल काढला आणि नाव पुसलं.

फ्लोराँने पुन्हा लिहिलं. पेरीन.

"गुरुजी, असं करू नका," सेव्हराँ म्हणाले. "तुम्हीच माझ्याकडून शपथ घेतलीत. तुम्हीच म्हणालात, तो मी नसेन." आणि पुन्हा पुसलं.

तिसऱ्यांदा त्याने लिहिलं तेव्हा पेन्सिल इतकी जोरात दाबली की तिचा तुकडा पडला. मातुरीन दारात उभी होती. काय लिहिलंय ते तिला कळत नव्हतं, पण दोन शहाणी माणसं रडताहेत एवढं कळत होतं. सेव्हराँचा हात माझ्यावरून फिरला. मी त्याला दोष देत नाही. पण मला पुसता न येणारी पाटी व्हायचं होतं त्या क्षणी. ते माझ्या हातात नव्हतं.

फ्लोराँने चौथ्यांदा हात उचलला. पेन्सिलचं टोक मला लागलं, एक उभी रेघ झाली, आणि हात घसरला. दुपारच्या घंटा व्हायच्या आधी तो गेला.

मग निरोप धाडला. पेरीन धापा टाकत आली. सेहेचाळीस वर्षांची, केस पिकलेले, बूट चिखलाने भरलेले. तिने त्याचे पाय चादरीत नीट झाकले. कपाळावरचे केस मागे सारले. आता त्याला हात बाजूला सारता येत नव्हता.

"काही म्हणाला का?" तिने विचारलं.

"शेवटपर्यंत त्यांचं चित्त देवापाशी होतं," फादर सेव्हराँ म्हणाले आणि बाहेर गेले.

मातुरीनला राहवेना. तिने पेरीनला स्वयंपाकघरात नेलं. मी तिच्या काखेत होते.

"बाई, मी अडाणी. पण आज सकाळी मालकांनी एकच शब्द तीनदा लिहिला आणि पाद्रीबाबांनी तीनदा पुसला. असं कधी केलं नव्हतं त्यांनी."

"कसा होता शब्द?"

"मला काय सांगता येणार? बघितला तर ओळखेन."

पेरीनने मला टेबलावर ठेवलं. लिहिलं, देव. मातुरीनने मान हलवली. लिहिलं, आई. नाही. लिहिलं, पाणी. क्षमा. तूसाँ. मातुरीन प्रत्येक वेळी डोळे बारीक करून बघायची आणि नाही म्हणायची.

पेरीनचा हात थांबला. मला तिच्या बोटांची नाडी जाणवत होती. मग तिने अगदी हळू, लहान मुलाने गिरवावं तसं, स्वतःचं नाव लिहिलं.

"हेच," मातुरीन म्हणाली. "हेच, बाई! काय आहे हे?"

पेरीन खाली जमिनीवर बसली, पाय पुढे पसरून, बाजारात दमून बसलेल्या बाईसारखी. एका तासाची वाट, आणि अठरा वर्षं. तिच्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. मी तसा आवाज खाणीच्या बाजूने येताना ऐकला होता, ज्या दिवशी कड पडली.

मग ती मला हातात घेऊन उठली आणि बागेत फादर सेव्हराँसमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी शपथेच्या वेळचा फ्लोराँचा तो कागद पुढे केला. तिने भावाचं अक्षर ओळखलं.

"हे लिहिलं तेव्हा तो धडधाकट होता," ती म्हणाली. "मागितलं तेव्हा मरत होता. तुम्ही कोणाचं ऐकलंत?"

"जो शहाणा होता त्याचं."

"चालत एका तासाची वाट होती, बाबा. मी धावले असते तर अर्ध्या तासाची."

"मी शपथ मोडली असती तर त्यांच्या आयुष्यभराच्या शिकवणीचं काय?"

"शिकवणीचं काय व्हायचं ते झालं असतं. माझ्या भावाला मी भेटले असते."

सेव्हराँ गुडघ्यांवर बसले. तिने त्यांना उठवलं नाही. मला काखेत घेतलं आणि घराची वाट धरली.

फ्लोराँच्या चिटोऱ्यांचं पुस्तक निघालं. आजही लोक ते वाचतात म्हणे. प्रस्तावनेत लिहिलंय की या महात्म्याने अखेरच्या घटकेला एकाही मर्त्य माणसाचं नाव घेतलं नाही. पेरीनने फक्त ते एक वाक्य काढा म्हणून तीन पत्रं लिहिली. नदीपलीकडच्या त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी उत्तर दिलं नाही.

पाचेक वर्षांनी एका शनिवारी फादर सेव्हराँ तिच्या दारात आले. वाकले होते, वयापेक्षा म्हातारे दिसत होते.

"पुढच्या छपाईत ते वाक्य मी काढतो," ते म्हणाले. "भांडून काढतो."

पेरीनने त्यांना बाकावर बसवलं, पेअरची वडी दिली. ते खाऊ लागले आणि खाता खाता ढसाढसा रडले. ती उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "खा. चांगली झालीय या वेळी."

पुढच्या छपाईच्या आधीच ते गेले. वाक्य तसंच राहिलं.

पेरीनने माझ्यावर खाणीत मेलेल्यांच्या मुलींना आकडे शिकवले. कोपरे तोडून सरळ रेघ करून दाखवली. थंडीत दगड पाणी पितो, हेही शिकवलं. ते तर आधी शिकवायची. म्हातारपणी दिसेनासं झालं तेव्हा मला नुसती मांडीवर घेऊन बसायची आणि बोट फिरवायची. एका मार्चमध्ये, चुलीपाशी बसल्या बसल्या, ती गेली. शेजारीण पीठ मागायला आली तेव्हा कळलं. तिने शेवटी कोणाचं नाव घेतलं, की घेतलंच नाही, ते मला सांगता येत नाही. मी त्या दिवशी फळीवर होते.

तिचं सामान गेलं तशी मीही गेले. चौकट कुजून निखळली. एका छपरकऱ्याने मला चाचपून पाहिलं, दोन भोकं पाडली, कडा छाटल्या आणि गोरगरिबांच्या एका रुग्णालयाच्या छपरावर ठोकून दिलं. तूसाँने त्या दिवशी मला ज्या ढिगात टाकलं नव्हतं, त्यातच शेवटी आले. तक्रार नाही. अंगावर पाऊस पडतो, बर्फ साचतो, वितळतो. आता माझ्यावर कोणी लिहीत नाही, त्यामुळे कोणी पुसतही नाही.

माझ्या खाली खाटा आहेत. लाकडाच्या फटींतून आवाज वर येतात. माणसं जाताना काय म्हणतात ते मी रोज ऐकते. फार मोठं काही म्हणत नाहीत. नावं घेतात. कोणी मुलीचं, कोणी वीस वर्षं न बोललेल्या भावाचं, कोणी अशा माणसाचं ज्याला दारातून हाकलून दिलं होतं.

तुमच्या घरी कोणी असं नाव घेतलं, तर तो आधी काय म्हणाला होता ते आठवत बसू नका. त्याने कागदावर लिहून दिलं असलं तरी. तो शहाणा आहे की घाबरलेला आहे, हे ठरवणारे आपण कोण? त्या माणसाला बोलावून आणा. धावत जा.

आत्ता, थोड्या वेळापूर्वी, खाली एका म्हाताऱ्याने नाव घेतलं. आवाज इतका बारीक की मला नीट कळलं नाही. सेवा करणाऱ्या बाईचं स्टूल सरकलं. मग तिची पावलं जिन्यावरून खाली उतरली, अंगणातून गेली, फाटक वाजलं, आणि रस्त्यावर ती पळायला लागली.

अजून ती परत आलेली नाही. खाली म्हाताऱ्याचा श्वास चालू आहे. मी ऐकतेय.